पुरुषांसाठी हाताने ग्रीटिंग कार्ड करायचं तर शिक्के आणि भौमितिक आकार कसे वापरावेत?

तुम्ही लिहिलंय, सासऱ्यांची साठी पुढच्या महिन्यात आहे, कार्ड हातानेच करायचंय, फुलं-फुलपाखरं नकोत, मिशी-टाय-गॉगलचे तयार शिक्के बघून वीट आलाय आणि चौकोन-त्रिकोणांनी काहीतरी 'पुरुषी' करायचंय. सगळं लिहिलंत. सासरे आयुष्यभर काय काम करत होते, तेवढं मात्र लिहिलं नाहीत. माझ्या मते कार्डावरचा आकार तिथूनच निघतो.

आधी त्या 'पुरुषी' शब्दाचं बघू. निळा, करडा, चॉकलेटी म्हणजे पुरुषी आणि फुलं म्हणजे बायकी, ही वाटणी मला अजिबात मान्य नाही. मी सोलापूरची. आमच्याकडे धट्टेकट्टे गडी लालभडक, हिरव्यागार चादरी पांघरून झोपतात. त्यांवर मोर असतात, फुलं असतात. त्यात कुणाला कमीपणा वाटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि मी पाहिलेल्या कारखान्यांत ती फुलं काढणारे सगळे पुरुषच होते. त्यातले एक माझे वडील.

आप्पा पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. चौकटीच्या कागदावर उभी ओळ ताण्याच्या धाग्याची, आडवी ओळ बाण्याच्या एका फेरीची. घर भरलं की जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राच्या, कार्डात त्या जागी भोक. भोक असलं की सुई आत जाते आणि तिचा हूक धागा वर उचलतो. भोक नसलं की सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. प्रत्येक आडव्या ओळीला एक कार्ड, आणि अशी शेकडो कार्डं दोरीने एकमेकांना शिवून मागावर माळेसारखी फिरायची. 1804 साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात जाकार नावाच्या माणसाने हे यंत्र बांधलं, आणि दोनशे वर्षांनी सोलापुरात आप्पा त्याच्याच हिशोबाने मोराची मान काढत होते. मान गोल, पण कागदावर गोल काही नसतंच. सगळी पायऱ्यापायऱ्यांची. दोन घरं आडवी, एक उभं, मग एक आडवं, दोन उभी. लांबून बघितलं की गोल. म्हणजे आमच्या चादरीवरचं प्रत्येक फूल हे चौकोनांचंच फूल आहे. फुलं वेगळी आणि भूमिती वेगळी हे निदान माझ्या घरात तरी कुणी मला सांगू नये.

आणि आमच्या घरात 'कार्ड' म्हटलं की भोकांचंच कार्ड. शुभेच्छांचं कार्ड कधी कुणी कुणाला दिलं नव्हतं.

2004 च्या मे महिन्यात आप्पा साठ पूर्ण करून निवृत्त झाले. मी तेव्हा पतसंस्थेत होते, दिवसभर शिक्के मारायचं काम. मनात आलं, आप्पांच्याच एका जुन्या ग्राफवरून कार्ड करावं. त्यांनी टाकून दिलेला काठाचा एक कागद माझ्याकडे होता, त्यावर देवळाच्या शिखरासारखे पायऱ्यांचे त्रिकोण होते. खोडरबर कापून पाच मिलिमीटरचा एक चौकोनी ठसा केला. आडवी चोवीस घरं, उभ्या सोळा ओळी, म्हणजे 120 बाय 80 मिलिमीटर, एवढं पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर नीट बसतं. पेन्सिलीने फिकट रेघा आखल्या आणि घरं भरायला बसले.

सोलापूरचा मे. पंखा लावला की कागद उडतो, बंद केला की मनगटाचा घाम कार्डावर पडतो. पहिलं कार्ड तसंच गेलं. दुसऱ्याला मनगटाला रुमाल बांधला. पॅड उघडं ठेवलं तर दहा मिनिटांत कोरडं पडायला लागायचं, म्हणून दर ओळीला झाकण लावायचं, परत उघडायचं. रात्री अकराला दादा पाणी प्यायला उठला.

"काय करलालीस गं एवढ्या रात्रीचं?"

"आप्पांना कार्ड."

"आप्पांना कार्ड देऊन काय करणार? पाकीट दे सरळ. बापमाणसाला असलं काय कळत नाही."

दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे होते. शाल झाली, नारळ झाला, भिंतीवरचं घड्याळ झालं. प्रत्येक वस्तू आप्पांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली. माझं कार्ड घेतलं आणि खिशातला चष्मा काढला. मग पेन्सिल काढली. पेन्सिल उलटी धरून मागच्या टोकाने घरं मोजायला लागले, ओठांतल्या ओठांत, तेलुगूत. आमची भाषा मराठीच, पण कारखान्यात आजूबाजूला सगळे तेलुगू बोलणारे, त्यामुळे आप्पांचे कामाचे आकडे तेलुगूतच पडलेले. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. पाहुणे बोलायचे थांबले. खालच्या ओळीपासून वर चढत गेले आणि एका जागी पेन्सिल थांबली.

"पदकोंडू," ते म्हणाले. "डावीकडनं सातवं घर. उजव्या अंगाला भरलंय, डाव्या अंगाला रिकामं राहिलंय की गं. हे मागावर चढलं असतं तर प्रत्येक चादरीत आलं असतं."

आणि त्या रिकाम्या घरात पेन्सिलीने एक बारीक ठिपका दिला.

दादा मोठ्याने हसला. "बघ, कार्डातसुद्धा चूकच काढली. म्हणून म्हटलं होतं पाकीट दे." पाहुणेही हसले. मला रडू आलं, मी आत गेले. तेव्हापासून आमच्या घरी लग्न असो, बारसं असो, दादा हा किस्सा सांगतो. त्याच्या तोंडी तो असा आहे की हिने हौसेने कार्ड केलं, आप्पांनी बाराव्या ओळीत चूक काढली, तात्पर्य काय तर पुरुषांना असलं काही देऊ नये.

माझं म्हणणं त्याच्या अगदी उलट आहे. त्या दिवशी आलेल्या वस्तूंपैकी एकच वस्तू आप्पांनी वाचली. घड्याळात किती वाजलेत तेसुद्धा बघितलं नाही त्यांनी. चूक काढली, कारण ते त्यांना काम वाटलं, खेळणं नाही. माझ्या हातच्या कागदाला त्यांनी कारखान्यातल्या कागदाचीच वागणूक दिली. आयुष्यभर राबलेल्या माणसाला याहून मोठा मान देता येत असेल असं मला वाटत नाही आणि त्याच्याकडून याहून मोठी पावती मिळत असेल असंही वाटत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, ज्यात चूक शोधता येईल असं कार्ड करा. सासरे गवंडी असतील तर विटांची रचना घ्या: खोडरबराचा एक आयत, प्रत्येक थर अर्ध्या विटेने सरकवायचा. सांध्यावर सांधा आला तर त्यांना पहिल्या नजरेत दिसेल. शेतकरी असतील तर सरी-वरंब्याच्या समांतर रेघा, बांधाशी वळलेल्या. फिटर असतील तर षटकोनी नट. षटकोनाला कोनमापकसुद्धा लागत नाही, कंपासने वर्तुळ काढा आणि तेच अंतर न बदलता परिघावर सहा वेळा टाका, टोकं जुळतात. एकाच मापाचे षटकोन फट न राहता एकमेकांना चिकटून बसतात. पंचकोन घ्याल तर फटी राहतील आणि फिटर माणूस त्याच बघेल. शिक्षक असतील, कारकून असतील तर वहीचा समास आणि चौकटी. रंग त्यांच्या कामाचा घ्या. विटेचा लाल रंग करडा करू नका, केवळ पुरुषाचं कार्ड आहे म्हणून.

शिक्क्याचं थोडं. बाजारातले पारदर्शक शिक्के चांगले, खालचं दिसतं म्हणून जागेवर पडतात. पण साध्या आकाराला पैसे घालवायची गरज नाही, खोडरबर आणि नवीन ब्लेड पुरतं. पॅडवर शिक्का घासू नका, टेकवा, उचला, दोन-तीनदा. कागदावर ठेवलात की सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. हलवला की कड फुगते. मी चोवीस वर्षं रोज हेच केलंय, शिक्का जोराने नाही, सरळ मारावा लागतो. सरळ ओळीसाठी कंपासपेटीतला गुण्या कागदावर टेकवून ठेवा आणि शिक्क्याची कड त्याला लावून मारत जा. त्रिकोणाची धार स्वच्छ हवी असेल तर कडेने मास्किंग टेप लावा, तो आधी एकदा साडीच्या पदराला चिकटवून काढा म्हणजे गोंद कमी होतो आणि काढताना कार्डाचं साल निघत नाही.

कागद 250 ते 300 जीएसएमचा, म्हणजे जाड. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये विचारा, कडेच्या पट्ट्या उरलेल्या असतात, त्या स्वस्तात देतात. घडीआधी फूटपट्टीच्या कडेने रिकाम्या रिफिलने दाबून रेघ ओढा, नाहीतर घडी फाटल्यासारखी दिसते. चिकटवायला दोन्ही बाजूंचा टेप. पातळ कागदाला फेव्हिकॉलने सुरकुत्या पडतात.

आता मागच्या वर्षीचं सांगते, तुमच्या कामाचं आहे. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, म्हणजे हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिने. 2025 च्या मार्चमध्ये आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास झाल्यापासून त्यांना बारीक दिसत नाही. मग मी बोटाला कळेल असं कार्ड केलं. पतसंस्थेचे शिक्के जो करून द्यायचा त्याच्याकडून पाच बाय पाच ठिपक्यांचा, वीस मिलिमीटरचा शिक्का करून घेतला. असे चाळीस शिक्के, आडवे आठ, उभे पाच. एक हजार चंद्र. उशिरा वाळणारी पिगमेंट शाई, शाई ओली असतानाच वर एम्बॉसिंग पावडर, जास्तीची झटकून टाकायची आणि हीट गनची गरम हवा दाखवायची. पावडर वितळते आणि ठिपका उंच, कडक होतो. केस वाळवायच्या ड्रायरने होत नाही, तो पावडर उडवतो आणि तेवढा तापतही नाही. गन नसेल तर तापलेल्या तव्याच्या वर चार बोटं कार्ड धरा, ठिपके वर, कोरी बाजू खाली.

आप्पांनी कार्ड मांडीवर घेतलं आणि तर्जनी डावीकडून उजवीकडे फिरवली. एकदा आडवी, एकदा उभी. कडेचे मोजले.

"चाळीस आणि पंचवीस?"

"होय आप्पा."

"हजार." मग परत एकदा वरच्या कोपऱ्यातून सुरू केलं, आणि जेवायला बोलवेपर्यंत त्यांचं बोट त्यावरून फिरत होतं. दादा समोरच बसला होता. पाकिटं बायकोजवळ एका पिशवीत होती.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. ऑफिसच्या पॅडची शाई गुळगुळीत आर्ट कार्डावर लवकर वाळत नाही, बोट लागलं की पसरते. तिच्यासाठी खरखरीत, न चकाकणारं कार्ड घ्या. उजेडात ती फिकीही पडते. आणि तव्याचा प्रयोग लहान मुलं आजूबाजूला असताना नको. शिवाय सगळ्या माणसांना आपल्या कामाची आठवण गोड वाटत नाही. सासऱ्यांनी नोकरी मन मारून केली असेल तर कामाचा आकार घेऊ नका, त्यांच्या गावच्या देवळाच्या पायऱ्या घ्या, त्यांचा कॅरम घ्या. हे सासूबाईंना विचारल्याशिवाय ठरवू नका.

त्यांचं काम इथे खाली लिहिलंत तर मापासकट आकार सुचवते.

2004 चं कार्ड आत्ता लिहिताना माझ्यासमोर आहे. त्यावर आप्पांचा पेन्सिलीचा ठिपका अजून दिसतो. मी खालून पुन्हा मोजलं, दोनदा. दादाला तेलुगू येत नाही, त्याने त्या दिवशी अंदाजाने बारा धरलं आणि एकवीस वर्षं तेच सांगतोय. बाराला पन्नेंडू म्हणतात. पदकोंडू म्हणजे अकरा.