'कच्ची' फुप्फुसं की दुखावलेली?

कोथरूडहून एका ताईंनी विचारलंय. बाळ 28व्या आठवड्यात झालं तेव्हा नर्स म्हणाल्या, "फुप्फुसं कच्ची आहेत." घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसांना इजा झालीय." आत्याबाई मात्र अजून "कच्चीच राहिली" म्हणतात, आणि ते ताईंना लागतं. बरोबर शब्द कोणता? की 'अपरिपक्व' म्हणावं?

ताई, अपरिपक्व आणि कच्चं यांचा अर्थ एकच. पक्व म्हणजे पिकलेलं. आपलं 'पिकणं' त्याच घरातलं. पण मराठीत अपरिपक्व आता माणसाच्या वागण्यालाच जास्त लागतं. मला नर्सबाईंचा शब्द आवडतो. त्यात 'गणितात कच्चा'मधला ठपका नाही. कैरीतला कच्चेपणा आहे, वेळ न झाल्याचा.

दुधाची पिशवी धुतली की तिचे ओले पदर एकमेकांना चिकटतात, सोडवायला जोर लागतो. फुप्फुसांतल्या वायुकोशांना, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांना, आतून असाच पाण्याचा पातळ थर असतो. ते मिटू नयेत म्हणून तिथल्या पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार करतात. तो पुरेसा व्हायला साधारण 35वा आठवडा उजाडतो. त्याआधी आलेल्या बाळाचे कोश श्वास सोडताना मिटतात आणि दर श्वासाला ते पुन्हा उघडताना बाळ थकतं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, कण्हल्यासारखा आवाज येतो. हा कच्चेपणा.

इजा त्यानंतरची. व्हेंटिलेटरचा दाब कोवळ्या कोशांना ताणतो, जादा ऑक्सिजन पेशींना भाजतो, सूज येते. मग नवे कोश फुटणं मंदावतं. जे होतात ते थोडे आणि मोठे. 1967 साली अमेरिकेतले डॉक्टर नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराला ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेजिया असं नाव दिलं. डॉक्टर बीपीडी म्हणतात. ज्या यंत्रानं बाळ जगलं त्याचाही यात वाटा असतो, आणि हे आईला कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं.

(फुफ्फुस असंही छापलेलं दिसतं. मी पत्थर, बुद्धीसारखं जोडाक्षरातलं पहिलं अक्षर अल्पप्राण, म्हणजे फ ऐवजी प, ठेवते.)

तेव्हा "कच्ची होती, मग दुखावली" असं म्हणा. आत्याबाईंच्या वाक्यात 'कच्ची'पेक्षा 'राहिली' जास्त खटकतं. नवे वायुकोश जन्मानंतरही पहिली काही वर्षं तयार होत असतात. तुमच्या बाळाचे आत्ताही होतायत.