२१ किमीची हाफ मॅरेथॉन जमते, पण २२ किमीनंतर पाय चालत नाहीत. ४२ किमीच्या फुल मॅरेथॉनसाठी लाँग रन (आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं) कसा वाढवावा?

तुम्ही आठवड्यातून तीन दिवस पळता. मधले दोन दिवस सात-सात किमी आणि रविवारी २१. हाफ २ तास ५ मिनिटांत होते, जानेवारीत मुंबईची फुल करायची आहे, पण २२ च्या पुढे पोटऱ्या आखडतात आणि चालावं लागतं. एवढं वाचून सांगतो, तुमची अडचण रविवारची नाही, बुधवारची आहे.

७ + ७ + २१ म्हणजे ३५ किमीपैकी साठ टक्के अंतर तुम्ही एकाच सकाळी पळता. पायांना उरलेल्या सहा दिवसांत लांब पळण्याची सवयच लागत नाही. अशा पायांवर २५, २८, ३० चढवत नेलं तर नोव्हेंबरपर्यंत नडगी किंवा गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. म्हणून आधी चौथा दिवस वाढवा. मंगळवारी ६, बुधवारी १०, शुक्रवारी ६, रविवारी १६, अशी ३८ किमीवर सुरुवात करा. मग बुधवारचं अंतर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक किमीने वाढवत १६ वर न्या. ऑफिस सांभाळून १६ किमी म्हणजे पहाटे पाचला बाहेर पडणं आलं, त्याला इलाज नाही. सर्वांत जड आठवडा ८ + १६ + ८ + ३० असा ६२ किमीचा होईल, आणि तिथे रविवारचा वाटा निम्म्याच्या आत येतो.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून सतरा आठवडे मागे मोजलं की १८ ते २४ सप्टेंबरमधला रविवार येतो. तिथून रविवारचे किमी असे: १६, १८, २०, १५, २२, २४, १८, २५, २७, २०, २८, २२, ३०, २२, ३०, २०, १३, आणि अठराव्या रविवारी शर्यत. मधेमधे खाली येणारे आकडे आळसाचे नाहीत. हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण कंडरा आणि हाडं त्याहून बरीच सावकाश बळकट होतात. त्यांना वेळ याच आठवड्यांत मिळतो. दिवाळी ज्या आठवड्यात येईल तिथे यातला एखादा हलका आठवडा सरकवून घ्या. फराळ, जागरण आणि फटाक्यांचा धूर असताना २७ किमी काढण्यात काही शहाणपण नाही.

ग्रुपमधले लोक ३२ झाल्याशिवाय फुल होत नाही म्हणतील. तो आकडा वीस मैलांचा आहे, त्यात दुसरी जादू नाही. लाँग रनला मी साडेतीन तासांची मर्यादा मानतो. त्यानंतर फायदा फार वाढत नाही, मोडतोड मात्र वाढते आणि पुढचा अख्खा आठवडा वाया जातो. तुमच्या हाफच्या वेळेवरून फुल साधारण साडेचार तासांची धरली, तर शर्यतीचा पेस (एका किमीला लागणारा वेळ) ६:२४ मिनिटांच्या आसपास येतो. लाँग रन त्याहून ४० ते ६० सेकंद सावकाश, म्हणजे ७:०५ ते ७:२५ ने पळा. ७:०५ ने पळाल्यास शेवटचे ३० साडेतीन तासांच्या दोन-तीन मिनिटंच पुढे जातात. ७:२५-७:३० ने पळणाऱ्याने २८ वरच थांबावं.

लोक सर्वांत जास्त चुकतात ते या पेसमध्येच. सोबत्यांच्या नादाने ६:१५ ने निघायचं आणि १८ वर ढेपाळायचं. वेग वाढला की शरीर चरबीपेक्षा ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) जास्त जाळतं, आणि स्नायू व यकृतात मिळून त्याचा साठा ढोबळमानाने दोन हजार कॅलरींचा. ६५ किलोच्या माणसाला किमीला साधारण ६५ कॅलरी लागतात, ४२ किमीचा हिशेब तुम्हीच करा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ऑक्टोबर हीटमध्ये घड्याळाकडे बघूच नका, श्वासावर चाला.

९० मिनिटांहून लांब प्रत्येक रनमध्ये खाणंही शिकायचं असतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका एनर्जी जेलमध्ये (पळताना खायची पाकिटातली गोड पेस्ट) सहसा २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे पहिलं चाळिसाव्या मिनिटाला आणि पुढे दर ३५-४० मिनिटांनी, सोबत साधं पाणी. थकवा आल्यावर घेतलेलं जेल उशिराच पोचतं. जेल सोसत नसेल तर बिनबियांचे खजूर किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा चालतो, शेंगदाण्याची चिक्की मात्र पळताना जड पडते. ओआरएसची लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घाला; अर्ध्या बाटलीत घातली तर पोट ढवळतं. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. ६५ किलोला सव्वा किलोपर्यंतची घट ठीक. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय आणि ते धोक्याचं आहे, कारण रक्तातलं सोडियम उतरतं.

पोटऱ्यांबद्दल. मीठ कमी पडलं असं सगळे सांगतील, पण इतक्या ठरावीक अंतरावर येणारे पेटके बहुधा थकलेल्या स्नायूचे असतात. पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहून टाच वर-खाली करा, १५ चे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीतला आतला स्नायू, सोलियस, गुडघा वाकवल्यावरच नीट कामाला लागतो. एका पायावर सलग २५ जमेपर्यंत चालू ठेवा.

मार्ग निवडताना चार-पाच किमीची फेरी घ्या, म्हणजे पाणी एका जागी ठेवता येतं. शिवाजी पार्कसारख्या छोट्या फेरीत दर काही फेऱ्यांनी दिशा बदला. रस्त्याच्या उतरत्या कडेनेही सतत एकाच बाजूने पळू नका, गुडघ्याच्या बाहेरची दुखणी बरेचदा तिथूनच सुरू होतात. सुती मोजे फेकून द्या. दुसऱ्या ३० ला बूट, मोजे, जेल, पहाटेचा नाश्ता सगळं शर्यतीचंच वापरा.

एखादा रविवार हुकला तर हुकला, पुढच्यात त्याची भर घालू नका. तापाने आठवडा गेला तर पूर्ण बरं वाटल्यावर मागचंच अंतर परत घ्या, दोन आठवडे गेले तर यादीत दोन पायऱ्या खाली या. स्नायूंचं पसरट दुखणं दोन दिवसांत जातं, त्यावर हळू पळता येतं. पण नडगीच्या हाडावर बोटाने दाबून एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवून ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. ते स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर) असू शकतं आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ते बरेचदा दिसत नाही, तेव्हा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच बूट चढवू नका.