टीममधली मुलगी अचानक गप्प झालीय, कामात चुका होतायत, विचारलं तर "काही नाही" म्हणते. टीम लीड म्हणून मी काय करू?

मी पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सची टीम सांभाळते, हे बरेचदा बघितलंय. आधी ते "सांग ना, आपण फॅमिलीच आहोत" बंद करा. ऑफिसात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत टपरीवर पोचते हे तिला चांगलं माहितीय. आणि नवरा पितो, आयव्हीएफ परत फेल गेलं, सासऱ्यांना डिमेन्शिया आहे नि रात्रभर जागरण, हे अप्रेझल लिहिणाऱ्या माणसाला कोण सांगेल?

कामाचं विचारा. "या महिन्यात तुझ्याकडचं काय दुसऱ्याला देऊ?" याचं उत्तर देताना घरचं काहीच काढावं लागत नाही. आमच्यात मग २० तारखेचं जीएसटीचं थ्री-बी रिटर्न आणि व्हेंडर पेमेंट दुसऱ्याकडे जातं, चुकलं तरी नंतर निस्तरता येईल असं काम तिच्याकडे राहतं. पण किती दिवसांसाठी हे आधीच बोलून घ्या, नाहीतर तिला वाटतं आपल्याला साइडला टाकलं. बाकीचे कुरकुरतातच, तिलाच का सूट म्हणून, त्यांना एवढंच सांगा की माझा निर्णय आहे, तुला लागेल तेव्हा तुलाही देईन.

मरणाबिरणाची भाषा आली तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा, लगेच थेट बोला, एकटं सोडू नका.

अजून एक, रजेचे नियम तुम्ही स्वतः वाचा. गर्भपात झाल्यावर दोन-चार दिवसांत सिक लीव्ह संपली म्हणून कामावर आलेली बाई मी पाहिलीय, कारण तिला कुणी सांगितलंच नाही की ६ आठवडे पगारी रजा मिळते. १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यातच होतं हे (आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं हवं), त्याच्या जागी आलेल्या नव्या सोशल सिक्युरिटी कोडमध्येही आहे, आणि त्यातून आजारपण आलं तर वर महिनाभरापर्यंत. एचआरमधल्या लोकांनाही कितीदा माहीत नसतं, काय बोलणार!

ही माहिती तिला एकटीला पाठवू नका हं, अख्ख्या टीमला, पुरुषांनासुद्धा, एकच मेल टाका. त्यातच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. रजेसाठीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट थेट एचआरला द्यायचं, मला दाखवायची गरज नाही, हेही लिहा. आणि मग मेल वाचला का विचारायला तिच्या डेस्कपाशी जाऊन उभे राहू नका.