ध्यासाला 'अ' लावू नका

प्रश्न असा आहे: 'मी तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे. लघुशोधप्रबंधाच्या मनोगतात "गेली दोन वर्षं मला अद्वैत वेदान्ताचा अध्यास लागला होता" असं लिहिलं. मार्गदर्शकांनी "अध्यास"भोवती लाल गोल करून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. ध्यास आणि अध्यास यांत काय फरक? आणि एम.ए.ला "अभ्यास" म्हणावं की "अध्ययन"?'

लाल गोल योग्य जागी पडला आहे. पुढे 'अ' लावला की शब्द भारदस्त होतो, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. भाषणांत, मानपत्रांत, वक्त्याची ओळख करून देताना हा 'अध्यास' ऐकून कान किटले. इतर कुणी लिहिलं तर ती नुसती चूक. अद्वैतावर लिहिणाऱ्याने लिहिलं तर वाक्यच उलटं फिरतं. अध्यास म्हणजे एका वस्तूवर दुसरी लादून पाहणं. ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य सुरू होतं तेच अध्यासाच्या विवेचनाने; त्या भागाला अध्यासभाष्य असंच नाव आहे. तिथली व्याख्या आहे 'अतस्मिंस्तद्बुद्धिः', जे ते नाही तिथे ते आहे अशी बुद्धी. शिंपली चांदीसारखी भासते, एकच चंद्र दोन दिसतात, ही तिथली उदाहरणं. (दोरी आणि साप सगळ्यांना पाठ असतात, पण या ठिकाणी ते नाहीत.) तेव्हा तुमचं वाक्य शास्त्राच्या अर्थाने वाचलं, तर दोन वर्षं वेदान्ताविषयी भ्रम झाला होता असं निघतं.

ध्यासाचा अर्थ सांगत बसत नाही, तो कुणालाही कळतो. खरी गंमत त्याच्या कुळात आहे. संस्कृतात ध्यान आहे, ध्याता आहे, ध्येय आहे. 'ध्यास' हे नाम मात्र तिथे रुळलेलं नाही. मग ते मराठीत आलं कुठून?

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात: आत्मा 'श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः', म्हणजे तो ऐकावा, त्याचं मनन करावं, त्याचं सतत चिंतन करावं. त्यावरून श्रवण, मनन, निदिध्यासन ही त्रयी झाली. यांतलं मुख्य कोणतं, श्रवण की निदिध्यासन, यावर विवरण आणि भामती या अद्वैताच्याच दोन परंपरांत मतभेद आहे. निदिध्यासनातला धातू 'ध्यै', चिंतन करणं. त्याचं इच्छार्थक रूप 'दिध्यास', चिंतनाची इच्छा. 'ज्ञा'पासून जिज्ञासा, 'पा'पासून पिपासा, 'मन्'पासून मीमांसा, तोच हा साचा. शेवटचा 'स' तिथूनच आलेला. त्याच्या आधी 'नि' लागला की निदिध्यास.

हा शब्द मराठी तोंडात बसेना. जुन्या मराठी ग्रंथांत श्रवण-मननाच्या जोडीला 'निजध्यास' येतो, तो म्हणजे हाच. 'निदि' कानाला अनोळखी, 'निज' मात्र घरचा शब्द. एकदा 'निज' ऐकू आला की उरलेला 'ध्यास' आपोआप सुटा होतो: निज ध्यास, स्वतःचा ध्यास. मराठीला हा शब्द असा ऐकण्यातून मिळाला, असं माझं ठाम मत आहे, आणि इतकी सुंदर व्युत्पत्ती मला दुसऱ्या शब्दाची माहीत नाही.

काही जाणकार म्हणतात, ध्यास हा अध्यासाचाच झिजलेला अवतार. अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला, तसा इथेही 'अ' गळाला. हे पटण्यासारखं नाही. रान आणि रहाट प्राकृतातून झिजत आले. त्या वाटेने आलेल्या शब्दात 'ध्य' टिकत नाही, त्याचा 'झ' किंवा 'ज' होतो. वंध्येची वांझ झाली, संध्येची सांज झाली. अध्यास झिजला असता, तर आज आपल्याला 'झास' लागला असता! आद्य स्वर झिजून गळाला आणि शेजारचं जोडाक्षर जसंच्या तसं राहिलं, हे कोणत्या नियमाने, ते या मंडळींनी सांगावं. शिवाय अर्थाचं काय? एका वस्तूवर दुसरी लादणं इथून मनाला लागलेल्या ओढीपर्यंत पोचायला फार ओढाताण करावी लागते. निदिध्यासात ती ओढ मुळातच आहे.

अभ्यासाविषयीही विचारलं आहे, आणि तो तर निदिध्यासातच दडलाय. व्याकरणात धातूचं द्वित्व झालं की पहिल्या भागाला 'अभ्यास' म्हणतात. पाणिनीचं सूत्र आहे 'पूर्वोऽभ्यासः'. 'दिध्यास'मधला 'दि' हा तो अभ्यास. निदिध्यासाचा निजध्यास करताना मराठीने अभ्यास गमावला आणि ध्यास ठेवला!

बाकी अभ्यास आणि अध्ययन दोन्ही चालतील. अभ्यासात पुन्हा पुन्हा करणं आहे, अध्ययनात ग्रंथ लावून वाचणं, एम.ए.ला दोन्ही करावं लागतं.

मनोगतात 'ध्यास लागला होता' असं करा. फक्त संगणकावर सगळीकडे एकदम शब्द बदलू नका. आतल्या प्रकरणांत जिथे शिंपली आणि चांदी आहे, तिथे अध्यासच हवा.