जुनी डिझायर ठेवू की नवीन घेऊ?

प्रश्न (कराडहून एक वाचक): सर नमस्कार, माझ्याकडे 2018 ची डिझायर व्हीएक्सआय पेट्रोल आहे, 71 हजार किलोमीटर झालेत, आत्तापर्यंत रस्त्यात कधी बंद पडली नाही. घरात आम्ही पाच जण, मी, मिसेस, मुलगी 13 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा आणि आई. महिना दीड महिन्यातून एकदा कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाणं असतं, बाकी गावातल्या गावात. आता एक शोरूमवाला मागे लागलाय की जुनी द्या नवीन घ्या, मायलेज जास्त आहे, सनरूफ आहे, जुनीचे 4 लाख 10 हजार देतो. वरचे साडेचार लाख लोन काढावं लागेल. मित्र म्हणतात नवीनला तीनच सिलिंडर आहेत, तुझी चार सिलिंडरची आहे, अजिबात विकू नको. डोकं चालत नाहीये, काय करू?

उत्तर: दादा, आधी मायलेजचं बोलू, कारण त्याच एका शब्दावर लोक सह्या करून मोकळे होतात. तुमच्या 2018 च्या गाडीचा कंपनीचा आकडा लिटरला 22 होता आणि नवीन मॅन्युअलचा 24.79 आहे. हे आकडे टेस्टिंगमधले, गावातल्या ट्रॅफिकमध्ये आणि घाटात एवढं कुठलीच गाडी देत नाही. तुम्हाला आत्ता 17 मिळत असेल असं धरा आणि नवीन 19.5 देईल असं धरा, वर्षाला तुमचं साडेनऊ हजार किलोमीटर होतं, म्हणजे वर्षाला 70-72 लिटर पेट्रोल वाचलं, लिटर 105 ने धरलं तर साडेसात हजार रुपये. आता दुसरी बाजू बघा, साडेचार लाख लोन 9 टक्क्याने 5 वर्षांसाठी काढलं तर हप्ता बसतो 9,341 आणि नुसतं व्याज जातं 1 लाख 10 हजार, म्हणजे वर्षाला 22 हजार. साडेसात वाचवायला बावीस घालवायचे. त्यामुळे मायलेजसाठी गाडी बदलणं हा विषय इथेच संपला.

जागेचं पण तसंच. दोन्ही गाड्यांची लांबी 3995 मिलिमीटर, दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, 2450, जमिनीपासूनची उंची दोन्हींची 163, डिकी जुनीची 378 लिटर आणि नवीनची 382. चार लिटर म्हणजे दुधाच्या आठ पिशव्या. मागे बसून मी दोन्हीत गुडघे मोजून बघितलेत, फरक नाही. ही 3995 ची भानगड पण एकदा समजून घ्या म्हणजे डिकी अशी आखूड का हे कळेल. 2008 ला पहिली डिझायर आली ती 4160 ची होती, पण 2006 च्या बजेटपासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांना टॅक्स कमी झाला होता, म्हणून 2012 च्या दुसऱ्या डिझायरचा मागचा भाग कापून ती चार मीटरच्या आत बसवली, आणि तेव्हापासून प्रत्येक डिझायर त्याच मापात येते. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून जीएसटी 18 टक्के झाला तोही ह्याच मापाच्या गाड्यांना, त्यामुळे नवीनची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत सव्वासहा लाखांच्या आसपास आली.

सिलिंडरबद्दल मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. तुमचं चार सिलिंडरचं इंजिन 83 पीएस आणि नवीन झेड सिरीजचं तीन सिलिंडरचं 82 पीएस, म्हणजे ताकदीत काहीच फरक नाही. ओढ पण 113 आणि 111.7 न्यूटन मीटर, जवळजवळ सारखीच. फरक आहे तो जाणवण्यात. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना नवीनच्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवला की बारीक थरथर लागते, जुनीत तिथं हात ठेवला तर इंजिन चालू आहे का बंद हे कळत नाही. आणि घाटात पाच माणसं, एसी चालू, पुढे ट्रक, तेव्हा तीन सिलिंडरचा आवाज जरा खरखरीत होतो. ज्याला गाडी चालवायची आवड आहे त्याला ते खुपतं, मला स्वतःला जुनं इंजिन जास्त आवडतं हे स्पष्ट सांगतो. पण थरथर म्हणजे खराबी नव्हे आणि त्यापायी गाडी नाकारावी असंही काही नाही.

मग मी म्हणतोय काय, तर तुमच्या पत्रातली एकच गोष्ट मला टोचली, ती म्हणजे तुम्ही पाच जण आहात. म्हणजे मागे तिघं बसतात आणि मधे कोणीतरी बसतंच. बहुतेक मुलगा किंवा आई. आज संध्याकाळी गाडीत जा आणि मागच्या सीटवर मधला बेल्ट काढून बघा. दोन्ही कडेला खांद्यावरून येणारे बेल्ट आहेत आणि मधे फक्त कमरेला बांधायचा पट्टा, तोसुद्धा बऱ्याच घरांत सीटच्या फटीत गेलेला असतो आणि त्याच्यावर बिस्किटाचा चुरा असतो. माझ्या गाडीत तसंच होतं. काही वर्षांपूर्वी पसरणी घाट उतरताना समोर एकदम म्हैस आली, मी ब्रेक दाबला, स्पीड फार तर 35-40 असेल, आणि मधे बसलेली माझी आई सरळ पुढे आली आणि तिचं कपाळ दोन सीटच्या मधल्या हँडब्रेकच्या बाजूला लागलं. चष्मा फुटला, भुवईवर चार टाके पडले. काडीचीही टक्कर झाली नव्हती, नुसता ब्रेक होता. वाईला दवाखान्यात ती मलाच समजावत होती की काही नाही रे झालं, आणि मला तो बेल्ट आठवत होता जो मी कधी सीटखालून बाहेर काढलाच नव्हता. तेव्हापासून कोणी गाडी बदलू का विचारलं की मी आधी मागे मधे कोण बसतं हे विचारतो.

नवीन डिझायर 11 नोव्हेंबर 2024 ला आली, तिच्यात पाचही सीटना खांद्यावरून येणारे बेल्ट आहेत आणि हे सगळ्यात खालच्या मॉडेललाही आहे. तुमच्यात दोन एअरबॅग, तिच्यात सहा, म्हणजे पुढच्या दोघांना समोरून आणि बाजूने आणि वरून पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन, ज्या मागे खिडकीशी बसलेल्यांचं डोकं वाचवतात. शिवाय ईएससी, जे तुमच्या व्हीएक्सआयमध्ये नाही. ते काय करतं तर पावसात कुंभार्लीच्या वळणावर गाडी घसरायला लागली की ते स्वतःहून एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी वळणात धरून ठेवतं, तुम्ही काही करायचं नाही. त्याच्याबरोबरच हिल होल्ड येतं, घाटात ट्रकच्या मागे थांबलात आणि परत निघालात तर ब्रेकवरनं पाय काढल्यावर दोन सेकंद गाडी मागे येत नाही. ज्यांनी पाच माणसं भरून हँडब्रेक ओढून, क्लच अर्धा सोडून घाटात गाडी उचललीये त्यांना ह्याची किंमत सांगायला नको.

ग्लोबल एनकॅप म्हणजे गाड्या मुद्दाम आदळून सुरक्षा तपासणारी संस्था, तिच्या टेस्टमध्ये नवीन डिझायरला मोठ्यांसाठी 5 स्टार मिळाले, 34 पैकी 31.24, मुलांसाठी 4 स्टार. ही त्या टेस्टमध्ये मोठ्यांसाठी 5 स्टार मिळवणारी मारुतीची पहिली गाडी. तुमच्या पिढीच्या डिझायरची बहीण असलेल्या स्विफ्टला 2018 ला 2 स्टार होते, तेव्हाची टेस्ट आजच्यापेक्षा सोपी होती तरी. हा फरक मला सनरूफपेक्षा शंभरपट मोठा वाटतो. आणि सनरूफ तर फक्त सगळ्यात वरच्या मॉडेलला, झेडएक्सआय प्लसला आहे, 360 कॅमेरा पण त्यालाच, तुम्ही जे साडेआठ लाख ऑन रोड धरताय त्यात तो येत नाही. त्याच्या मागे लागूही नका, नवीन व्हीएक्सआय पुरे.

तर माझं मत असं, की घ्या, पण हप्ता तुम्हाला श्वास घेऊ देत असेल तरच. मुलीची दहावी दोन-तीन वर्षांवर आली असेल, आईचं औषधपाणी असेल, तिथं 9,300 चा हप्ता जड जाणार असेल तर दोन वर्ष थांबा आणि जुनीच नीट करून वापरा. नीट करून म्हणजे काय ते सांगतो. चारी टायरच्या बाजूला छोट्या लंबगोलात चार आकडे असतात, 2318 असेल तर 2018 सालातला 23 वा आठवडा. तुमचे तेच कंपनीचे टायर असतील तर नक्षी कितीही चांगली दिसू दे, रबर कडक झालेलं असतं, पावसात ते धरत नाही, पहिलं काम टायर बदलणं. स्टेपनीचा पण आकडा बघा, ती कोणी बघत नाही. ब्रेक ऑइल बदला, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि तुमची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, मारुतीच्या गाड्या 2023 च्या एप्रिलपासून त्या तयारीच्या आहेत, त्यामुळे सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या पाइपांचं रबर बघायला आवर्जून सांगा. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज थोडं घसरलं असेल तर मेकॅनिकला दोष देऊ नका. आणि मधला पट्टा आज बाहेर काढा, धुवा, वापरा, मधे आईला बसवत असाल तर तिला खिडकीशी बसवा आणि मुलगी मधे बसू दे. मुलगा 8 वर्षांचा आहे, त्याची उंची बेल्टला पुरत नसेल तर बूस्टर सीट घ्या आणि त्याला मांडीवर घेऊन पुढे बसणं, घाटात तरी अगदी नको, एअरबॅग उघडली तर ती लहान मुलाच्या तोंडावरच उघडते.

विकायचं ठरलंच तर 4 लाख 10 हजार ह्या आकड्यावर लगेच मान डोलवू नका, बाहेर दोन ठिकाणी दाखवा. 2018 ची आहे म्हणजे एचएसआरपी नंबर प्लेट बसवलेली पाहिजे, 1 एप्रिल 2019 आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते आणि त्याशिवाय नाव ट्रान्सफर अडतं. ट्रान्सफरचे फॉर्म 29 आणि 30 सही करून दिले की विषय संपला असं समजू नका, आरसीवर दुसऱ्याचं नाव लागेपर्यंत गाडी कागदावर तुमचीच, उद्या कोणी ठोकली तर नोटीस तुमच्याच घरी येणार. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. आणि शोरूमवाला हे सांगणार नाही, पण पाच वर्ष क्लेम घेतला नसेल तर तुमचा 50 टक्के नो क्लेम बोनस नवीन गाडीच्या इन्शुरन्सला लागतो, इन्शुरन्स कंपनीकडून तसं पत्र घ्या, नवीन गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मे पैसे वाचतात.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): ताईचं लग्न झालं की बाबा रिटायर होतील, तोपर्यंत त्यांना रोज भिवंडीला जायला नवीन डिझायर सीएनजी घ्यावी म्हणतोय, डिकीचं काय होतं?

उत्तर: डिकीत टाकी येते आणि अर्ध्याहून जास्त जागा जाते, मोठी बॅग आडवी राहत नाही. गावाला लग्नाचं सामान घेऊन जायचं असेल तर कॅरिअर नाहीतर दुसरी गाडी. पण रोज येऊन-जाऊन बराच रस्ता आहे तर सीएनजीच घ्या, कंपनीचा आकडा किलोला 33.73 आहे, खरा 26-27 धरला तरी पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं. ताकद 70 पीएसवर येते, घोडबंदरच्या चढावर भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी लागेल, बाबांना हे चालवून दाखवा मगच बुकिंग करा. आणि टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी करायची असते, ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): माझी 2023 ची डिझायर आहे, वीस हजार चाललीये, नवीन आल्यापासून मन लागत नाही, बदलू का?

उत्तर: नका बदलू. तुमच्याकडे 90 पीएसचं चार सिलिंडरचं इंजिन आहे आणि चालवायला ते नवीनपेक्षा सरस आहे. मागे मधे रोज कोणी बसतं का एवढं फक्त बघा. रोज बसत असेल तर मला परत लिहा, कोण बसतं ते सांगा, मग बोलू.