निंबोळी अर्क मारल्यावर दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधू नका

तुमची कोबीची पोस्ट वाचली. अर्क मारला, दुसऱ्या दिवशी अळ्या तशाच दिसल्या, म्हणून लगेच दुकानातलं कडक औषध मारलं, असं तुम्ही लिहिलंय. घात नेमका इथेच होतो. एका कार्यालयातून (नाव घेत नाही) मलाही "मेलेल्या अळ्या दाखवा, मग बोलू" एवढंच ऐकायला मिळालं आणि त्यात आख्खा हंगाम गेला.

निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन हे कडू द्रव्य अळीला पटकन मारत नाही. तिचं खाणं मंदावतं आणि कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचं काम बिघडतं. म्हणजे खरा परिणाम पुढच्या कातीला दिसतो. पाच झाडांना खूण करा आणि तिसऱ्या व सहाव्या दिवशी पानांवर नवी छिद्रं, ताजी हिरवी विष्ठा किती आहे ते बघा. मोठ्या अळीवर अर्काचा जोर चालत नाही, त्यामुळे अळ्या बारीक असतानाच फवारा.

कडक औषधाचं म्हणाल तर कोबीची पानं खाणारी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी कित्येक औषधांना दाद देत नाही. मरतात त्या तिच्यावर जगणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या.

अर्क 5 टक्क्यांचाच करा: 5 किलो निंबोळी पावडर 9 लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, 1 लिटर पाण्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबण घाला आणि एकूण 100 लिटर करा. साबण वगळू नका, कोबीच्या मेणचट पानावरून थेंब घरंगळतो. निंबोळ्या सावलीत वाळवलेल्या, बुरशी नसलेल्या आणि त्याच वर्षीच्या हव्यात. अर्क उकळू नका, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या खालून मारा, उन्हात त्याची ताकद लवकर जाते. 7 ते 10 दिवसांनी पुन्हा.

जाता जाता मोहरीबद्दल. मोहरी-कोबीची तिखट द्रव्यं बऱ्याच किडींना पळवतात, पण चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीकडे ती निकामी करणारं विकर (एन्झाइम) आहे. उलट मादी त्यांच्याच खुणेवर अंडी घालते. म्हणून मादीला मोहरीकडे वळवायला कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्या, एक लागवडीआधी 15 दिवस, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी. मोहरीवर अळ्या जमल्या की तिथेच फवारा.

हे सगळं कोबी-फ्लॉवरपुरतं. वांग्याच्या शेंड्यात किंवा फळात शिरलेल्या अळीपर्यंत अर्क पोचतच नाही, तिथे पोखरलेले शेंडे खुडून नष्ट करावे लागतात.