सही करण्याआधी

अगं, कोर्टाच्या तारखांना घाबरू नकोस. संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जातला मजकूर मात्र ओळ न् ओळ वाच. आमच्या वेळी वकिलांनी ‘मूल १८ वर्षांचं होईपर्यंत पोटगी’ असं टाईप करून आणलं होतं. पेन हातातच राहिलं माझ्या. माझ्या लेकाची सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) काय अठराव्या वाढदिवसाला बरी होते? अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या सज्ञान मुलालाही पोटगी मागता येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४. ते अर्जात लिहून घे. फिजिओ, स्प्लिंट (हातापायाला आधार देणारा साचा), रिक्षा असं सुटं सुटं मांड. नुसतं ‘औषधपाणी’ लिहिलंस की दर महिन्याला वाद.

अठरानंतरच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली, जिल्ह्याच्या समितीकडे. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) तुझ्याकडे ठेव, नवऱ्याला झेरॉक्स दे.

आणि लेकासमोर बापाला नावं ठेवू नकोस. आमचे हे (सवय जात नाही बघ!) शनिवारी आमच्या मुलाला नाशिकच्या सिडकोतून पंचवटीत नेतात, गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) फिरवून आणतात. सुरुवातीला दोनदा स्प्लिंट तिकडेच विसरलं, सोमवारी शाळा बुडली. मग दुसरा जोड करून त्यांच्याच दारामागे टांगून ठेवला.